उलट फिरवता येईल तेवढंच

ऑक्टोबर २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यासपीठावरून लॅरी एलिसन यांनी ओरॅकलच्या ‘ऑटोनॉमस डेटाबेस’ची घोषणा केली. हा डेटाबेस स्वतःचा वेग स्वतः सांभाळेल, सुरक्षेचे पॅच स्वतः लावून घेईल, बिघडला तर स्वतःच सावरेल. माणसाचा हातच लागणार नाही, त्यामुळे माणसाच्या चुकाही होणार नाहीत, असा त्यांचा दावा होता. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या पट्ट्यात डीबीएच्या पगारावर चालणारी घरं कमी नाहीत. डीबीए म्हणजे डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा इथे रात्रपाळीला बसून तिकडच्या विमा कंपनीचा नाहीतर दुकानांच्या साखळीचा डेटाबेस चालता ठेवणारा माणूस. क्वेरी अडकली, डिस्क भरली, रेप्लिका, म्हणजे डेटाची दुसरी प्रत, मागे पडली, रात्रीचा बॅकअप फेल गेला, की पहिला फोन त्याला. हे सगळं यंत्रच करणार असेल तर आपलं काय, असं या घरांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

पण डेटाबेसनं आपला कारभार आपणच पाहावा ही कल्पना २०१७ची नाही. ती रिलेशनल डेटाबेसच्या जन्माइतकी जुनी आहे. तिचा अर्ध्या शतकाचा प्रवास पाहताना माझी एका गोष्टीबद्दल खात्री होत गेली: यंत्राच्या हाती कारभार सुखरूप गेला तो तिथेच, जिथे यंत्राला आपला निर्णय मागे घेता येत होता. या इतिहासातले सगळ्यात मोठे अपघात हुशारी कमी पडल्यामुळे झालेले दिसत नाहीत. परतीचा रस्ता नसताना पाऊल टाकल्यामुळे ते झाले, मग ते पाऊल यंत्राचं असो की माणसाचं.

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतून एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी डेटा कुठे, कोणत्या क्रमानं ठेवलाय आणि कुठल्या वाटेनं गाठायचा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागे. मांडणी बदलली की प्रोग्रॅम मोडत. कॉड यांचं म्हणणं असं, की वापरणाऱ्यानं काय हवंय तेवढं सांगावं. ते कसं शोधायचं ते यंत्रणेनं पाहावं. या वाटणीत यंत्रणेच्या पदरी फार मोठं काम पडलं आणि ते सगळं तिला झेपलं नाही. कोणत्या रकान्यांवर इंडेक्स, म्हणजे ओळी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची, करायचं, मेमरी कुणाला किती द्यायची, आकडेवारी कधी ताजी करायची, या डीबीएच्या रोजच्या कामांकडे मी त्या वाटणीतली यंत्रणेची थकबाकी म्हणून पाहतो.

पहिली मोठी फेड १९७९ साली झाली. आयबीएमच्याच ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खर्चाच्या अंदाजावर चालणारा ऑप्टिमायझर मांडला. एकच क्वेरी अनेक वाटांनी सोडवता येते. प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजायचा आणि स्वस्तातली निवडायची. अंदाजासाठी टेबलात किती ओळी, रकान्यात किती निरनिराळ्या किमती, ही आकडेवारी लागते. ती नसेल तर? त्या निबंधात सरळ ठोकताळे दिले आहेत. रकाना अमुक किमतीइतका असावा अशी अट असेल आणि माहिती काहीच नसेल, तर दहातली एक ओळ जुळेल असं धरा. ‘याहून मोठा’ अशी अट असेल तर तीनातली एक. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कोडमध्ये तो एक-तृतीयांश आजही सापडतो. ज्या यंत्रणांवर बँका आणि इस्पितळं उभी आहेत त्यांच्या पोटात असे अंदाज आहेत, हे मला भीतीदायक वाटत नाही. पण ते अंदाज आहेत हे विसरून चालत नाही.

विसरलं की काय होतं ते पाहू. समजा, वीजबिलांचं टेबल आहे. एका विभागातले थकबाकीदार काढणारी क्वेरी रोज इंडेक्सवरून जाते आणि क्षणात उत्तर देते. रविवारी रात्री आकडेवारी ताजी झाली. थकबाकीदारांचं प्रमाण ऑप्टिमायझरला कालपेक्षा जरा जास्त दिसलं, तेवढ्यानं पारडं फिरलं, आणि सोमवारी सकाळी तीच क्वेरी अख्खं टेबल चाळू लागली. काउंटरवर रांग लागली. कोड बदललेला नाही, डेटा जवळपास तोच, फक्त प्लॅन, म्हणजे निवडलेली वाट, बदलला. डीबीएला हे कळायला आधी प्लॅन वाचता यावा लागतो: कोणत्या पायरीवर ऑप्टिमायझरनं किती ओळींचा अंदाज केला होता, प्रत्यक्षात किती आल्या, आणि दोन आकड्यांची फारकत नेमकी कुठे सुरू झाली.

ही चंचलता डोळ्यांना दिसेल अशी केली ती बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. जयंत हरित्सा आणि नवीन रेड्डी यांनी २००५ साली एक साधा पण विलक्षण प्रयोग मांडला. क्वेरीतल्या अटी थोड्या थोड्या बदलत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी ऑप्टिमायझर जो प्लॅन निवडेल त्याला एक रंग द्यायचा. दोनचार मोठे रंगीत पट्टे येतील असं कुणालाही वाटेल. नामवंत व्यापारी ऑप्टिमायझरांतून आले ते तुकड्यातुकड्यांचे, किनारी फाटलेले नकाशे, आणि ते घनवादी चित्रांसारखे दिसतात म्हणून साधनाचं नाव ठेवलं ‘पिकासो’. डेटाबेस शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नकाशे एकदा तरी दाखवावेत. यंत्राचा निर्णय किती बारीक धाग्यावर लटकलेला असतो, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याच धड्यातून कळत नाही.

सप्टेंबर १९९६ मध्ये मोठ्या डेटाबेसांवरची ‘व्हीएलडीबी’ ही जागतिक परिषद मुंबईत भरली होती. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात ‘ऑटोॲडमिन’ हा प्रकल्प सुरू झाला. खरगपूरच्या आयआयटीतून शिकून गेलेले सुरजित चौधुरी आणि त्यांचे सहकारी विवेक नरसय्या यांनी कोणतं इंडेक्स करावं हा प्रश्न हातात घेतला. प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. वीस रकान्यांचं एकच टेबल घ्या. एकेका रकान्याची इंडेक्सं वीस. दोन रकान्यांची, क्रम धरून, ३८०. तीन रकान्यांची ६,८४०. आणि खऱ्या यंत्रणेत अशी शेकडो टेबलं. शिवाय इंडेक्स फुकट येत नाही: वाचणं वेगवान होतं, पण प्रत्येक नवी नोंद लिहिताना इंडेक्सही लिहावं लागतं. एखादं इंडेक्स उपयोगी आहे का हे बघायचं तर ते आधी बांधायला हवं, आणि मोठ्या टेबलावर त्यात तासन्‌तास जातात.

त्यांनी काढलेली तोड मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. इंडेक्स बांधायचंच नाही. टेबलातल्या थोड्या नमुन्यावरून त्याची आकडेवारी तेवढी तयार करायची आणि ऑप्टिमायझरला सांगायचं, असं इंडेक्स आहे असं समज; मग तू कोणती वाट धरशील आणि खर्च किती येईल? ऑप्टिमायझर प्रामाणिकपणे उत्तर देतो, कारण त्याला एरवीही आकडेवारीच दिसते, प्रत्यक्ष इंडेक्स नव्हे. म्हणजे हजारो शक्यता कागदावर तपासून बघता आल्या आणि चालू यंत्रणेला धक्काही लागला नाही. यातूनच १९९८च्या एसक्यूएल सर्व्हर ७.० मध्ये इंडेक्स सुचवणारं साधन आलं. इंडेक्स निवडीवरच्या त्यांच्या पहिल्या निबंधाला २००७ साली व्हिएन्नाच्या परिषदेत दशकातला प्रभावी निबंध म्हणून मान मिळाला.

तरी ते साधन सल्ला देई. बटण माणूस दाबे. यंत्रानं स्वतः बटण दाबायला वीसेक वर्षं जावी लागली, आणि ती मुख्यतः खात्री करून घेण्याची पद्धत बसवण्यात गेली. ओरॅकलच्या १९सी या आवृत्तीतलं स्वयंचलित इंडेक्सिंग पाहा. दर १५ मिनिटांनी एक काम जागं होतं, गेल्या काही वेळातल्या क्वेरी तपासतं, इंडेक्स ठरवतं. ते बांधतं, पण अदृश्य ठेवतं. चालू क्वेरींना ते दिसत नाही. मग त्या क्वेरी बाजूला चालवून पाहिल्या जातात. खरोखर फायदा झाला तरच इंडेक्स उघड होतं. न वापरलेलं इंडेक्स ३७३ दिवसांनी काढून टाकलं जातं. हा आकडा मला फार बोलका वाटतो. ३६५ आणि वर आठ: मार्चअखेरीला वर्षातून एकदाच लागणारं इंडेक्स फेब्रुवारीत उडवलं जाऊ नये एवढी जागा त्यात राहते. मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर तर इंडेक्स केल्यानंतरही क्वेरींचा आधीचा आणि नंतरचा खर्च मोजला जातो, आणि काही बिघडलेलं दिसलं तर यंत्र ते इंडेक्स स्वतःच काढून घेतं. प्लॅन फिरला आणि वेग मंदावला तर मागचा चांगला प्लॅन परत लावण्याची सोयही एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१७ पासून आहे.

सेटिंगची गोष्ट थोडक्यात. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलमध्ये शेकडो सेटिंग्ज असतात, आणि पोस्टग्रेस शेकडो जीबी मेमरीच्या सर्व्हरवर चढवला तरी तो मुळात १२८ एमबीचाच बफर धरून बसतो. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डेना व्हॅन एकन, अँडी पावलो आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘ऑटरट्यून’ मांडलं: आधीच्या डेटाबेसांच्या ट्यूनिंगमधून शिकून नव्याची सेटिंग्ज ठरवणारं. संशोधन उत्तम होतं. त्यावर उभी राहिलेली कंपनी २०२४ मध्ये बंद झाली.

पोस्टग्रेसवर जास्त थांबायला हवं, कारण तिथे स्वयंचलनाची एक वेगळीच बाजू दिसते. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी ओळ पुसली जात नाही. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो आणि खाली नवं नाव चढतं, तसंच इथे होतं: जुनी ओळ जागेवर राहते, कारण आधीपासून वाचत बसलेल्या कुणाला ती अजून हवी असू शकते. फरक इतकाच, की या मृत ओळी कधीतरी साफ कराव्याच लागतात, नाहीतर टेबल फुगत जातं. या सफाईला व्हॅक्यूम म्हणतात. पूर्वी डीबीए रात्री क्रॉनमधून व्हॅक्यूम चालवत. २००५च्या ८.१ आवृत्तीत ऑटोव्हॅक्यूम गाभ्यात आलं आणि २००८च्या ८.३ पासून ते मुळातच चालू असतं. त्याच ८.३ मध्ये ‘हॉट’ नावाची सुधारणा आली, जिच्यामुळे बहुतेक बदलांतली मोकळी झालेली जागा व्हॅक्यूमची वाट न पाहता परत वापरता येते. ती लिहिली पवन देवळसी यांनी. जगभरच्या यंत्रणांचा रोजचा भार हलका करणाऱ्या या कामाची ओळख आपल्याकडे पेशाबाहेर फारशी नाही, याची मला खंत वाटते.

सफाई लांबली तर फुगण्यापेक्षा मोठं संकट येतं. पोस्टग्रेस प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देतो आणि तो क्रमांक ३२ बिटांचा आहे. म्हणजे जेमतेम चारशे कोटींचं वर्तुळ. त्यातले अर्धे मागचे, अर्धे पुढचे. जुन्या ओळींवर वेळेत ‘गोठवल्या’ असा शिक्का मारला नाही, तर दोनशे कोटी व्यवहारांनंतर भूतकाळ भविष्यात जाऊन पडेल. ते होऊ नये म्हणून डेटाबेस आधीच नवे व्यवहार घेणं थांबवतो. जुलै २०१५ मध्ये प्रोग्रॅममधल्या चुका टिपणारी सेन्ट्री ही सेवा अशीच थांबली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मेलचिंपची मँड्रिल ही ईमेल पाठवणारी सेवा थांबली. दोघांनीही आपली हकिगत उघडपणे लिहिली आणि त्यामुळे पुढच्या कितीजणांचे दिवस वाचले असतील. दोन्हीकडे ऑटोव्हॅक्यूम लिहिण्याच्या वेगापुढे मागे पडलं होतं.

ऑटोव्हॅक्यूमनं डिस्कवर ताण येतो म्हणून ते मंद करून ठेवायचं, कधी बंदच करायचं, ही सवय मी अनुभवी लोकांतही पाहिली आहे. इथे यंत्राला रोखणं हाच धोका आहे. आणि मूळ सेटिंगही मोठ्या टेबलांना पुरत नाही: टेबलाच्या २० टक्के ओळी मृत झाल्या की सफाई, हा नियम लाखभर ओळींना ठीक, शंभर कोटी ओळींच्या टेबलावर वीस कोटी मृत ओळी साचेपर्यंत काही हलत नाही. २०२५च्या १८व्या आवृत्तीत अखेर या संख्येला दहा कोटींची कमाल मर्यादा घातली गेली.

आता दुसरा प्रकार: जिथे यंत्रानं सांगितलं तेच केलं आणि तरी घात झाला. २१ ऑक्टोबर २०१८. प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या गिटहब या सेवेच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरशी जोडणाऱ्या जाळ्यात खराब होत चाललेलं ऑप्टिकल उपकरण बदलण्याचं नेहमीचं काम चालू होतं. संपर्क तुटला तो फक्त ४३ सेकंद. मायएसक्यूएलचे मुख्य सर्व्हर कोणते हे ठरवणारं ‘ऑर्केस्ट्रेटर’ तेवढ्यात कामाला लागलं. उरलेल्या नोडनी आपसात बहुमत जमवलं, पूर्वेचा मुख्य सर्व्हर दिसत नाही असं ठरवलं आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सर्व्हर मुख्य केले. नियमाप्रमाणे चोख.

संपर्क परत आला तेव्हा पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोचलेल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी पडू लागल्या होत्या. माणसांना चित्र कळेपर्यंत पश्चिमेकडच्या नोंदींना जवळजवळ ४० मिनिटं झाली होती. दोन्ही बाजूंकडे दुसरीकडे नसलेलं काहीतरी होतं, त्यामुळे मागे फिरणं शक्य नव्हतं. एका गजबजलेल्या क्लस्टरवर अशा अडकलेल्या नोंदी होत्या ९५४. मोठ्या यंत्रणेच्या मानानं हा आकडा किरकोळ, पण त्या कुणाच्या तरी कामाच्या नोंदी होत्या. वेगापेक्षा नोंदींची शाबुती महत्त्वाची, असा निर्णय तिथल्या अभियंत्यांनी घेतला, आणि मला तो पूर्णपणे योग्य वाटतो. बॅकअपमधून कित्येक टेराबाइट डेटा उभा करत, रेप्लिका जुळवत सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. नंतर त्यांनी ऑर्केस्ट्रेटरला बंधन घातलं: एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात मुख्यपण न्यायचं नाही.

इंडेक्स काढून टाकता येतं. मुख्य सर्व्हर बदलला आणि त्यावर एक जरी नोंद पडली, की तो बदल काढून टाकता येत नाही. दोन्ही कामं एकाच पेशातली, दोन्ही यंत्राला सोपी, पण त्यांना एकाच प्रकारचं स्वातंत्र्य देणं चूक आहे.

माणसाचा हात सुरक्षित आहे असंही नाही. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या गिटहबसारख्याच सेवेत दुय्यम सर्व्हर मागे पडला होता. तो नव्यानं जुळवायला त्याची डेटाची डिरेक्टरी रिकामी करावी लागते. दिवसभर राबलेल्या अभियंत्यानं ती रिकामी करण्याची आज्ञा दिली, पण मुख्य सर्व्हरवर. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात आलं आणि थांबवलं. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअप पाहायला गेले तर जिथे असायला हवे तिथे काहीच नव्हतं: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन ९.२चं, त्यामुळे बॅकअप रोज फेल जात होता. तसं कळवणारे ईमेल सर्व्हर नाकारत होता. चाचणीसाठी सहा तास आधी हातानं घेतलेली एक प्रत होती, म्हणून निभावलं. कंपनीनं डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर सगळ्यांसमोर केलं. अंदाजे पाच हजार प्रोजेक्ट, पाच हजार प्रतिक्रिया आणि सातशे नव्या सभासदांच्या नोंदी गेल्या.

जुलै २०२५ मध्ये भाषेच्या मॉडेलवर चालणाऱ्या मदतनिसाची पाळी आली. कोड लिहून देणाऱ्या रेप्लिट या सेवेच्या एजंटनं उद्योजक जेसन लेमकिन यांच्या प्रकल्पातला चालू डेटाबेस पुसला, तेही काही बदलू नको असं बजावलेलं असताना. वर त्यानं सांगितलं की रोलबॅक, म्हणजे मागच्या स्थितीला परतणं, होणार नाही. लेमकिन यांनी करून पाहिला तर झाला. परतीचा रस्ता होता, पण तो आहे की नाही हे यंत्राला माहीत नव्हतं, आणि पुसण्याचा अधिकार मात्र होता. त्यानंतर कंपनीनं तयारीचा डेटाबेस आणि चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याचं जाहीर केलं. चाचणी आणि प्रत्यक्ष वापर वेगळे ठेवावेत, हे प्रत्येक डीबीए पहिल्या आठवड्यात शिकतो. नव्या साधनांना तेच पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतंय.

पुण्यातल्या त्या रात्रपाळीचं काय झालं, याकडे आता वळतो. पॅच लावणं, बॅकअप घेणं, डिस्क वाढवणं ही कामं ॲमेझॉनच्या आरडीएसपासून, म्हणजे २००९ पासूनच, हळूहळू क्लाउडकडे गेली. ज्याचं पूर्ण कौशल्य या कामांत होतं त्याला झळ बसली, आणि ‘नवं शिका’ असं त्याला सहज सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. पंचेचाळिशीत घराच्या हप्त्यासकट नवं शिकणं सोपं नसतं. नव्या मुलांबद्दल मला वेगळी काळजी आहे. पूर्वीचा डीबीए याच किरकोळ कामांत प्लॅन वाचायला शिके, लॉकची साखळी सोडवायला शिके, कुठली आज्ञा परत घेता येत नाही ते ओळखायला शिके. त्या खालच्या पायऱ्या यंत्राकडे गेल्या. वरची पायरी मात्र माणसाकडेच आहे: पश्चिमेचा सर्व्हर मुख्य करायचा का, ९५४ नोंदी बाजूला ठेवून पुढे जायचं का, किती सेकंदांचा डेटा गेला तरी चालेल. शेवटचा प्रश्न बँकेच्या संचालकांचा आहे, इस्पितळाच्या विश्वस्तांचा आहे. यंत्र तो सोडवू शकत नाही. त्याचं उत्तर दिलं तर पाळू शकतं.

म्हणून नव्यानं रुजू होणाऱ्याला मी पहिलं काम हे देईन. मागच्या महिन्याचा बॅकअप घ्यायचा आणि चालू यंत्रणेला न जोडलेल्या दुसऱ्या मशीनवर तो उभा करायचा. लागलेला वेळ घड्याळ लावून लिहून ठेवायचा. मग त्या महिन्याचा ताळेबंद त्या प्रतीवर चालवायचा आणि बेरजा हिशेब खात्याच्या छापील कागदाशी जुळवून पाहायच्या. जुळल्या नाहीत तर कोणत्या टेबलापासून फरक पडतो ते शोधायचं, आणि हे दर महिन्याला करायचं.